मागचा अर्धा ट्रक

जुन्या लष्करी ट्रकच्या डॅशबोर्डवर धातूच्या काही पट्ट्या रिव्हेटनं ठोकलेल्या असतात. कोणत्या गिअरमध्ये किती वेगानं जायचं, पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर कधी जोडायचा, किती वजन भरायचं, सगळं त्यांवर कोरलेलं. अमेरिकी सैन्याच्या एम-३५ ला सगळे ‘अडीचटनी’ म्हणतात, पण त्याच्या वजनाचे आकडे दोन आहेत: रस्ता सोडून जायचं असेल तर ५,००० पौंड, पक्क्या रस्त्यावर १०,००० पौंड. नाव पडलं ते लहान आकड्यावरून. चिखल, खडक, ओढा, चढ यांतून जेवढं सुखरूप नेता येईल तेवढीच आपली ताकद समजायची, असा तो हिशेब. तो मांडणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. कारण इंजिन बसलं, केबिन सडली, तरी तो हिशेब मागच्या चेसिसमध्ये, एक्सलमध्ये, कमानींच्या पाट्यांमध्ये तसाच शिल्लक असतो.

याच जातकुळीचा एक सहा-बाय-सहा, म्हणजे तिन्ही एक्सलना इंजिनाचा जोर मिळणारा ट्रक आम्ही माल वाहायच्या ट्रेलरमध्ये बदलला. आम्ही म्हणजे मी आणि आयुष्यभर वेल्डिंग करत आलेला माझा मित्र. जुनी लष्करी वाहनं जपणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटतं, आणि त्यांचं वाईट वाटणं मला रास्त वाटतं. ट्रक पूर्ण असेल, इंजिन फिरत असेल, चेसिसवरचा क्रमांक आणि पट्ट्या शाबूत असतील, तर त्याला गॅस कटर लावू नये, असंच मीही सांगेन. असे ट्रक दरवर्षी कमीच होत चाललेत. आमच्या ट्रकच्या इंजिनब्लॉकला मात्र आरपार तडा होता, गिअरबॉक्सचं कवच फुटलेलं होतं आणि केबिनचा पत्रा बोटानं सोलून निघत होता. पुढचा भाग पुन्हा उभा करायचा तर आणखी दोन-तीन ट्रक मोडावे लागले असते. मागचा अर्धा भाग मात्र ठणठणीत होता. हा अर्धा भंगारात जाण्यापेक्षा ओझं वाहत राहिलेला बरा, असं आम्हाला वाटलं.

शिवाय लष्करी ट्रक कधी एका रूपात राहिलेलाच नाही. दुसऱ्या महायुद्धातला जीएमसी कंपनीचा सीसीकेडब्ल्यू हा ट्रक घ्या. १९४१ ते १९४५ या काळात तो साडेपाच लाखांहून अधिक संख्येनं बनला. लोखंड वाचवायचं म्हणून मध्येच त्याचा पोलादी हौदा जाऊन लाकडी हौदा आला, बंद केबिन जाऊन कॅनव्हासचं छप्पर आलं. जहाजावर जागा कमी लागावी म्हणून तो सुटा करून खोक्यांत भरून पाठवला जाई आणि बंदरात उतरल्यावर जोडला जाई. फ्रान्समध्ये २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ नावाची जी अखंड मालवाहतूक चालली, ती याच ट्रकांच्या जिवावर. पुढे धावणाऱ्या सैन्याला पेट्रोल आणि दारूगोळा पोचवणाऱ्या या चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. लढायांच्या वर्णनांत रणगाड्यांची नावं येतात. त्या रणगाड्यांच्या टाकीत पेट्रोल कुणी नेऊन ओतलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ट्रेलरचा विषय निघाला की मला बॅंटमची गोष्ट आठवते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बटलर नावाच्या गावी ही छोटीशी मोटार कंपनी होती. सैन्याला हवी असलेली हलकी गाडी तिनं कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरकडून आखून घेतली आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलंडमधल्या कॅम्प होलाबर्डला पहिला नमुना नेऊन उभा केला. तीच पुढे जीप झाली. पण सैन्याला लाखांच्या संख्येनं गाड्या हव्या होत्या. मोठं काम विलिस आणि फोर्डकडे गेलं, बॅंटमच्या वाट्याला जेमतेम अडीच-तीन हजार गाड्या आल्या. मग उरलेल्या युद्धात बॅंटमनं काय बनवलं? जीपच्या मागे जोडायचे पाव टनी ट्रेलर. तेही असे, की ओढा लागला तर सामानासकट पाण्यावर तरंगावेत. पुढे धावणारी गाडी हातची गेल्यावर तिच्या मागे येणारी वस्तू इतकी निगुतीनं बनवणाऱ्या त्या कारागिरांविषयी मला विलक्षण जवळीक वाटते.

आता कामाकडे.

ट्रक कापायचा म्हटल्यावर उत्साहाच्या भरात माणूस आधी कटर हातात घेतो. मित्रानं मला पहिल्याच दिवशी बजावलं, “आधी मोज. कापलेलं लोखंड परत वाढत नाही.” ट्रक लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवला, लेव्हल लावून चेसिस चारही बाजूंनी सरळ केली, खडूनं मध्यरेषा मारली. मग मागच्या एक्सलच्या डाव्या टोकापासून नियोजित हुकापर्यंतचं अंतर आणि उजव्या टोकापासूनचं अंतर, दोन्ही एक येईपर्यंत ट्रेलर ओढायच्या दांडीची जागा सरकवत राहिलो. या दोन अंतरांत थोडासा फरक राहिला तरी ट्रेलर रस्त्यावर तिरका चालतो आणि टायर कडेनं झिजत जातात. चेसिस कुठे कापायची याचंही उत्तर या मापांतूनच आलं: केबिनच्या मागच्या आडव्या पट्टीच्याही पुढे. ट्रकच्याच दोन लांब दांड्या जितक्या पुढे राहतील तितक्या ठेवायच्या आणि त्यांनाच पुढे निमुळती दांडी जोडायची.

चेसिसच्या दांड्या इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या असतात. वजन पडलं की वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधल्या उभ्या पत्र्यावर त्या मानानं ताण कमी येतो. म्हणून भोक पाडायचं तर उभ्या पत्र्याच्या मध्याशी, वरच्या-खालच्या पट्टीला हात लावायचा नाही. पट्टीवर आडवा वेल्ड मारला तर तो रस्त्यातल्या धक्क्यांनी नेमका त्याच रेषेत तडकतो. जोडाला बाहेरून जो पत्रा मारतात त्याची टोकं त्यासाठीच तिरपी कापायची, म्हणजे ताण एका ठिकाणी न साचता हळूहळू पसरतो. जिथं कारखान्यानं रिव्हेट मारलेत तिथं आम्ही वेल्डिंगऐवजी नटबोल्ट वापरले. लष्करी चेसिस खडबडीत जमिनीवर थोडी पिळवटली जावी अशीच आखलेली असते. ती वेल्डनं जखडून टाकली तर ती पिळवटणार नाही, तुटेल.

या कामातले धोके मी मोठ्या आवाजात सांगतो, कारण दिसायला ते धोके वाटतच नाहीत. पहिला धोका रंगाचा. जुन्या लष्करी रंगांत शिसं आणि क्रोमियम असू शकतं. १९८०च्या दशकापासून अमेरिकी वाहनांवर रासायनिक हल्ल्याला दाद न देणारा जो रंग आला, तो घासला किंवा जाळला तर त्याची धूळ आणि धूर फुप्फुसांना फार वाईट. कापायच्या रेषेवरचा रंग आधी ओल्या पद्धतीनं काढायचा, योग्य मुखवटा लावायचा, आणि मगच आग. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. डिझेल किंवा पेट्रोलची टाकी कितीही वर्षं कोरडी पडलेली असो, तिला कटर लावायचा नाही. आत उरलेली वाफच स्फोटाला पुरते.

आणि रिम. लष्करी ट्रकांची रिम बहुतेकदा दोन-तीन तुकड्यांची असते: टायर चढवायला सोपी, पण गंजलेली किंवा नीट न बसलेली रिंग हवा भरताना गोळ्यासारखी सुटते. माणसं यानं मेली आहेत. बोल्टनं जोडलेल्या दोन अर्ध्यांची रिम असेल तर चाक उतरवताना चुकीच्या नटांना पाना लागला, तर टायरमधली सगळी हवा समोरच्याच्या अंगावर येते. पाना लावण्याआधी व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडायची, आणि हवा भरायची ती पिंजऱ्यात चाक ठेवून, लांब नळीनं, बाजूला उभं राहून. इथं कुणाच्या अनुभवाचा, कुणाच्या घाईचा मान राखायचा नाही.

एक्सलचं काम मला सर्वांत आवडलं. मोठ्या ट्रकचे मागचे एक्सल ‘फुल-फ्लोटिंग’ असतात. म्हणजे ट्रकचं वजन बाहेरची हाऊसिंग (एक्सलचं कवच) आणि हबची, म्हणजे चाकाच्या मध्यभागाची, बेअरिंगं पेलतात, आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. त्यामुळे हबवरचे बोल्ट खोलून शाफ्ट बाहेर ओढला तरी चाक जागच्या जागी आणि ओझंही जागच्या जागी. इंजिनाशी असलेलं नातं सुटतं, जमिनीशी असलेलं टिकतं. शाफ्ट काढल्यावर डिफरन्शियलचे, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या दात्यांचे, जड गोळेही आम्ही काढून टाकले, तेवढं वजन कमी झालं. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. काही एक्सलमध्ये हबच्या बेअरिंगला डिफरन्शियलमधलंच तेल मिळतं. डिफरन्शियल रिकामा झाला की ते बेअरिंग कोरडं पडतं. मग बेअरिंग उघडून ग्रीस भरायचं, नवीन सील बसवायचं आणि शाफ्टच्या भोकावर गॅस्केटसह पत्र्याचं झाकण लावायचं, नाहीतर पाणी आणि धूळ थेट आत.

सहा-बाय-सहा ट्रकच्या मागच्या जोडीची रचना फार देखणी आहे. कमानींचे पाटे उलटे बसवलेले असतात, मधोमध एका आडव्या दांड्यावर डोलतात आणि त्यांची दोन टोकं दोन एक्सलवर टेकतात. एक चाक दगडावर चढलं की दुसरं तितकंच खाली दबतं आणि वजन दोघांत वाटलं जातं. ट्रेलरला याहून चांगली देणगी नाही. मात्र यात एक मेख आहे. सगळा ट्रेलर त्या मधल्या दांड्यावर तोललेला असतो. ओढणाऱ्या वाहनापासून सोडवला की चार चाकं जमिनीवर असूनही तो पुढे किंवा मागे कलंडू शकतो. म्हणून पुढे भक्कम पाय आणि माल चढवताना-उतरवताना मागेही टेकू, हे दोन्ही आम्ही पहिल्यापासून आखले.

तोलाचं गणित इथूनच सुरू होतं. हुकापासून मधल्या दांड्यापर्यंत पाच मीटर अंतर आहे असं धरू. हौद्यात तीन टन माल, त्याचा मध्य दांड्याच्या अर्धा मीटर पुढे. तर हुकावर ३०० किलो भार येतो, म्हणजे मालाच्या वजनाचा दहावा हिस्सा. तोच माल फक्त वीस सेंटिमीटर मागे सरकला की हुकावर १८० किलोच राहतात. साठ सेंटिमीटर मागे गेला तर ट्रेलर उलाळ होतो आणि हुकाला वर उचलायला लागतो. छोट्या आणि मध्यम ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि त्यामागे सोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. मागे जड झालेला ट्रेलर वेग वाढला की डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि ओढणाऱ्या गाडीचं मागचं अंग आपल्याबरोबर ओढून नेतो. हौद्याच्या बाजूच्या फळीवर आम्ही माल कुठवर भरायचा याची ठळक रेघ मारली आहे. माल भरणारा माणूस दरवेळी वेगळा असतो, त्याला गणित माहीत असायची गरज नाही, रेघ दिसली पाहिजे.

हुक म्हणून लष्करी पद्धतीची पिंटल, म्हणजे जबड्यासारखा मिटणारा हुक, आणि दांडीला ७६ मिलिमीटर व्यासाचं कडं. खडखड खूप होते हे खरं. पण ओढ्याच्या काठावर ट्रक वर आणि ट्रेलर खाली असा मोठा कोन झाला तरी कडं अडकत नाही, आणि गंज-चिखलात वर्षानुवर्षं निभावतं. त्याखाली दोन साखळ्या, एकमेकींना फुली मारून. हुक सुटलाच तर दांडी जमिनीत न घुसता या फुलीत झेलली जाते.

आता ब्रेक. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो ब्रेकनं. ट्रकचं चालणं काढून घेणं सोपं असतं, ते चार बोल्ट खोलून होतं. त्याचं थांबणंही त्याच वेळी निघून जातं, हे पटकन ध्यानात येत नाही. पेडल गेलं, पेडलच्या दाबानं ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर गेला, दाब वाढवणारा बूस्टर गेला. मागच्या चाकांतले सिलिंडर आणि लायनर राहिले, पण त्यांना निरोप देणारं कुणी नाही. हँडब्रेकची तर आणखी गंमत. अशा पुष्कळ ट्रकांत हँडब्रेक चाकांवर नसतोच. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या डब्यातून, निघणाऱ्या शाफ्टवर एक ड्रम असतो, तो आवळला की शाफ्ट, डिफरन्शियल आणि त्यातून चाकं जखडली जातात. शाफ्ट काढून टाकल्यावर त्या ट्रेलरला उतारावर उभं राहायला काहीही आधार उरत नाही. कापलेला ट्रक विकत घेणारे पुष्कळ जण फक्त टायर आणि हौदा बघतात. मी आधी खाली वाकून विचारतो, हा थांबतो कशानं?

उपाय तीन-चार आहेत. ओढणारी गाडी मंदावली की मागून येणारा ट्रेलर तिला ढकलतो, त्या ढकलण्यानंच ट्रेलरचा मास्टर सिलिंडर दाबायचा, हा त्यातला सर्वांत साधा. हलक्या ट्रेलरला तो छान, पण युरोपात त्याची मर्यादा ३.५ टनांवर आखलेली आहे आणि ती योग्यच आहे. शिवाय मागे घेताना तोच ब्रेक आपोआप लागतो, त्यासाठी वेगळी खिट्टी लागते. आमचा ट्रेलर भरल्यावर या मर्यादेच्या पलीकडे जाणार होता. आम्ही हवेचा मार्ग धरला: ओढणाऱ्या ट्रकमधून येणारी हवा, ट्रेलरवर तिची छोटी टाकी, आणि हवेच्या दाबानं जुन्या सिलिंडरांना तेल ढकलणारा बूस्टर. अमेरिकी सैन्याच्या दीडटनी ट्रेलरवर हीच पद्धत होती.

या पद्धतीचा आत्मा मात्र रेल्वेतून आलेला आहे. जॉर्ज वेस्टिंगहाऊसनं १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा नळीत हवा भरली की ब्रेक लागत असे. त्यात धोका असा, की नळी फुटली तर ब्रेकच नाही. १८७२ मध्ये त्यानं विचार उलटा केला. नळीत दाब कायम ठेवायचा, प्रत्येक डब्याला स्वतःची टाकी द्यायची, आणि नळीतला दाब कमी झाला की डब्यानं आपल्याच टाकीतल्या हवेनं ब्रेक लावायचा. डबा सुटला, नळी तुटली, की तो डबा आपोआप थांबतो. दीडशे वर्षं होऊन गेली, तरी आजचा ट्रेलरही याच विचारावर चालतो: एक नळी ब्रेक लावायला, दुसरी नळी ‘मी अजून जोडलेला आहे’ एवढंच सांगत राहायला. दुसरीचा दाब गेला की ट्रेलर स्वतःचा निर्णय स्वतः घेतो. आमच्या ट्रेलरची ती नळी आम्ही मोकळ्या मैदानात, भरलेल्या मालासकट, मुद्दाम खेचून सोडवली. चाकं जागीच आवळली गेली. तेवढं बघितल्याशिवाय तो रस्त्यावर न्यायचा नाही हे आमचं आधीच ठरलेलं होतं. उभा करण्यासाठी स्क्रूनं आवळायचा वेगळा हँडब्रेक केला, कारण हवा आणि तेल दोन्ही रात्रभरात गळू शकतात. आणि चाकांखाली लावायच्या लाकडाच्या चार उटी ट्रेलरवरच साखळीनं बांधलेल्या असतात, शोधाव्या लागत नाहीत.

दिव्यांबद्दल थोडक्यात. युद्धानंतरचे लष्करी ट्रक बहुतेक २४ व्होल्टचे, ओढणारी गाडी कदाचित १२ची. दोन्ही व्होल्टवर चालणारे एलईडी घेतले की प्रश्न मिटतो. अर्थिंग चेसिसवर न सोडता वेगळी तार ओढावी, म्हणजे गंजामुळे दिवे लुकलुकत नाहीत. जुना मागचा ब्लॅकआउट दिवा, म्हणजे शत्रूच्या नजरेत येऊ नये इतका मंद दिवा, मात्र आम्ही काढला नाही, जोडलेला नसला तरी. अंधारात ताफ्यानं चालताना मागच्या चालकाला अंतर कळावं म्हणून त्याच्या काचेत छोटे ठिपके जोड्यांनी बसवलेले असतात. फार जवळ गेलं की सगळे ठिपके सुटे दिसतात, योग्य अंतरावर जोडीचा एकेक ठिपका होतो, आणखी मागे पडलं की सगळे मिळून एकच. डोळ्याच्या मर्यादेचाच मोजपट्टीसारखा उपयोग करणारी ही युक्ती बघून मी पुष्कळ वेळ त्या काचेसमोर उभा राहिलो होतो.

नोंदणीचं मी सविस्तर लिहीत नाही, प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असतात. पण कापण्याआधी ते विचारून घ्यावेत. बहुतेक ठिकाणी कापलेला ट्रक म्हणजे नवा ट्रेलर धरतात, नवा क्रमांक, नवी तपासणी. प्रत्येक वेल्डचे फोटो, ब्रेकचा आराखडा आणि वजनाचा हिशेब जपून ठेवला की तपासणाऱ्यालाही बरं वाटतं आणि आपल्यालाही.

राहिला पुढचा अर्धा. तो लगेच भंगारात देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. पुढचा एक्सल आणि त्याचे सांधे, ट्रान्सफर केस, स्टिअरिंगचा डबा, काचेची चौकट, मीटर, बॉनेटच्या खिट्ट्या, यातलं बरंच काही आता कुणी बनवत नाही. आम्ही प्रत्येक भागाला चिठ्ठी लावली, भागांवरचे कोरलेले क्रमांक उतरवून घेतले आणि याच जातीचा ट्रक पूर्ण करायला बसलेल्या लोकांना कळवलं. ट्रान्सफर केस एकाकडे गेली. त्याच्या ट्रकमध्ये ती सोडून सगळं होतं. पुढचा एक्सल अजून इथंच आहे. त्यात तेल भरून ठेवलंय, टोकांना ग्रीसमध्ये बुडवलेलं फडकं बांधलंय आणि वर ताडपत्री टाकलीय. कुणीतरी विचारत येईल तोवर महिन्यातून एकदा तो हातानं फिरवायचा, म्हणजे बेअरिंग एकाच जागी बसून राहत नाहीत.